नळ चालू, मोरी तुंबलेली: मेंदूतल्या गुठळीचा दोनशे वर्षांचा इतिहास

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण यात राजे नाहीत, लढाया नाहीत. आजचा इतिहास एका आजाराचा आहे. आणि खरं सांगायचं तर तो एका प्रश्नाचा इतिहास आहे: तरुण बाई म्हणते की माझं डोकं फार दुखतंय, तेव्हा समोरचा माणूस काय ऐकतो?

सुरुवात अलीकडच्या तारखेपासून करू. १३ एप्रिल २०२१. अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सनच्या कोविड लशीचे ६८ लाखांहून जास्त डोस देऊन झाले होते. त्या दिवशी तिथल्या सरकारी यंत्रणांनी ही लस तूर्त थांबवा असं सांगितलं. कारण होतं सहा रुग्ण. सहाही बायका, वय १८ ते ४८. सहाही जणींच्या मेंदूतल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी झाली होती आणि त्यातली एक वारली होती.

६८ लाखांत सहा! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एवढा एरर रेट मिळाला तर आम्ही पार्टी करू. मग डॉक्टर लोक एवढे का हादरले? ते कळायला दोनशे वर्षं मागे जावं लागेल. पण आधी दोन मिनिटं प्लंबिंग.

मेंदूला रक्त आणतात त्या धमन्या. मेंदूतून रक्त परत नेतात त्या शिरा. घरातलं उदाहरण घ्या. धमनी म्हणजे नळ आणि शीर म्हणजे मोरी. आपण ज्याला नेहमी स्ट्रोक म्हणतो, त्यात बहुतेक वेळा नळ बंद होतो. पाणी येतच नाही आणि मेंदूचा तो भाग काही मिनिटांत मरायला लागतो. तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो, घरच्यांना लगेच कळतं.

आजच्या आजारात नळ चालू असतो, पण मोरी तुंबलेली असते. पाणी येत राहतं आणि जायला जागा नसते. मग हळूहळू दाब वाढतो. कवटी काही फुग्यासारखी ताणत नाही, त्यामुळे तो दाब मेंदूवरच पडतो. डोकं दुखतं, उलट्या होतात, धूसर दिसतं, फिट येते. दाब फारच वाढला तर मागच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि मेंदूत रक्तस्राव होतो. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळं नाट्य त्याच्याभोवतीच घडणार आहे.

डॉक्टरी भाषेत याला सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस म्हणतात, थोडक्यात सीव्हीटी. मेंदूतल्या शिरा ज्या मोठ्या वाहिन्यांमध्ये रिकाम्या होतात, त्यांना सायनस म्हणतात. सर्दीवालं सायनस ते हे नव्हे. सगळ्यात मोठा सायनस कपाळापासून डोक्याच्या मागपर्यंत, बरोबर भांगाच्या रेषेखालून जातो. मागे जिथे हे सगळे प्रवाह एकत्र येतात, त्या जागेला आजही हेरोफिलसचं नाव आहे. हा हेरोफिलस म्हणजे इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात शवविच्छेदन करणारा वैद्य. म्हणजे मेंदूची मोरी कुठे आहे हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होतं. ती तुंबते हे कळायला मात्र दोन हजार वर्षं लागली.

१८२५ मध्ये फ्रान्समधल्या रिब नावाच्या डॉक्टरने पहिली नोंद केली. रुग्ण होता ४५ वर्षांचा पुरुष. त्याला झटके यायचे, भ्रम व्हायचा. तो गेल्यावर कवटी उघडली तेव्हा भांगाखालच्या सायनसमध्ये गुठळी सापडली. त्याला कॅन्सर होता.

तीनच वर्षांनी, १८२८ मध्ये, एडिनबरोच्या जॉन अॅबरक्रॉम्बी यांनी मेंदूच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात एक २४ वर्षांची बाई आहे. बाळंतपण नीट झालं होतं. दोन आठवड्यांनी तिला झटके सुरू झाले, ते थांबेचनात आणि ती गेली. तिच्याही मेंदूच्या शिरांमध्ये गुठळी होती.

या दोन नोंदींत एक गोष्ट सारखी आहे. निदान झालं ते मेल्यानंतर. पुढची शंभर वर्षं हे असंच चाललं. जिवंत माणसाच्या डोक्यात डोकावायची सोयच नव्हती. १९२७ मध्ये पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे एक्सरे काढायची पद्धत शोधली. सीटी स्कॅन आला तो थेट १९७१ मध्ये. त्याआधी सीव्हीटी हा शवागारातच भेटणारा आजार होता, त्यामुळे झाला की माणूस जातोच अशी त्याची ख्याती झाली. ज्या बायका त्यातून आपोआप बऱ्या झाल्या, त्या कुणाच्या वहीत आल्याच नाहीत. डेटाच्या भाषेत सांगायचं तर सॅम्पलच उलटं होतं. फक्त मेलेल्यांची मोजणी चालली होती.

आता बाळंतिणीच का? निसर्गाचा हिशोब साधा आहे. बाळंतपणात रक्त खूप जातं. ते थांबावं म्हणून गरोदरपणाच्या शेवटी आणि बाळंतपणानंतर काही आठवडे शरीर रक्ताची गोठण्याची ताकद वाढवून ठेवतं. हजारो वर्षं या सोयीने बायकांचे जीव वाचवले. पण त्याच दिवसांत अंगातलं पाणी कमी झालं, ताप आला, जंतुसंसर्ग झाला किंवा आधीच पंडुरोग असला, तर हीच सोय उलटते.

आपल्या देशात हे चित्र फार ठळक होतं. मदुराईचे डॉ. के. श्रीनिवासन यांनी १९८३ मध्ये गरोदर आणि बाळंत बायकांमधल्या मेंदूच्या गुठळ्यांचा अभ्यास छापला. त्यात १३५ रुग्ण होते. तरुण बायकांचा हा आजार भारतातल्या न्यूरॉलॉजीच्या वॉर्डांत रोजचा होता. बाळंतिणीला पाणी कमी देण्याच्या प्रथेकडेही भारतीय डॉक्टरांनी बोट दाखवलं. आपल्याकडेही काही घरांत हे ऐकू येतं ना? ‘जास्त पाणी पिऊ नकोस, पोट सुटेल.’ डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, शेक-शेगडी सगळं असतं, पण पाण्याचा तांब्या मोजून. प्रेमापोटीच असतं ते. पण शिरांना प्रेम कळत नाही, त्यांना पाणी लागतं.

आणि मग अशा बाळंतिणीला फिट आली, ती असंबद्ध बोलायला लागली, तर लोक काय म्हणायचे? बाहेरची बाधा झाली. दवाखान्यात पोचली तरी चुकीचं लेबल लागायची शक्यता होतीच. कधी मायग्रेन, कधी गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीचे झटके, कधी नुसतं टेन्शन.

आता येऊ नाट्यमय भागाकडे. औषध काय?

१९१६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. त्याला सापडला नेमका उलटा, रक्त गोठू न देणारा. हा पदार्थ कुत्र्याच्या यकृतातून मिळाला होता, म्हणून पुढे त्याचं नाव हेपॅरिन पडलं. ग्रीकमध्ये हेपार म्हणजे यकृत. माणसाला टोचता येईल इतकं शुद्ध हेपॅरिन तयार व्हायला १९३० चं दशक उजाडलं.

१९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये स्टान्सफील्ड यांचा एक लेख आला. बाळंतिणीच्या मेंदूतल्या गुठळीवर त्यांनी हेपॅरिन वापरलं होतं. मार्ग मोकळा झाला असं वाटेल तुम्हाला. पण इथेच गाडी अडकली.

मगाचचा मुद्दा आठवा. मोरी तुंबल्यावर मागे रक्तस्राव होतो. म्हणजे एकाच डोक्यात गुठळीही आहे आणि रक्तस्रावही. अशा रुग्णाला रक्त पातळ करणारं औषध द्यायचं? कुठल्याही शहाण्या डॉक्टरचा हात थरथरेल. पुढची जवळपास पन्नास वर्षं यावर वाद चालला. काहींनी दिलं, काहींनी द्यायचं नाही असं ठरवलं. दोन्ही बाजूंकडे अनुभव होते, पुरावा कुणाकडेच नव्हता.

तो पुरावा म्युनिकमधून आला. कार्ल आइनहॉइप्ल आणि सहकाऱ्यांनी सीव्हीटीच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला हेपॅरिन आणि दुसऱ्याला नुसतंच दिखाऊ औषध. २० रुग्ण झाले आणि अभ्यास थांबवावा लागला, कारण फरक डोळ्यांत भरत होता. तीन महिन्यांनी हेपॅरिनच्या दहापैकी आठ जण पूर्ण बरे झाले होते आणि दोघांना किरकोळ त्रास उरला होता. मृत्यू शून्य. दुसऱ्या गटात दहापैकी तिघे गेले, सहा जणांना कायमचा त्रास राहिला, पूर्ण बरा झाला तो एक. १९९१ मध्ये लॅन्सेटमध्ये हे छापून आलं.

त्यांनी जुन्या फाइलींमधले रक्तस्राव झालेले रुग्णही तपासले. हेपॅरिन मिळालेल्या २७ पैकी ४ दगावले होते. न मिळालेल्या १३ पैकी ९.

कारण मोरीचंच आहे. फरशीवर पाणी साचलंय म्हणून तुम्ही फरशी पुसत बसता की मोरीतला बोळा काढता? रक्तस्राव हा तुंबण्याचा परिणाम होता. गुठळी वाढायची थांबली की दाब उतरतो. बंगळुरूच्या निमहान्समध्ये डॉ. नागराज आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींवर काम केलं आणि कमी मात्रेतल्या हेपॅरिनचाही फायदा होतो असं १९९९ मध्ये मांडलं. एकेकाळी ज्या औषधाला हात लावायची भीती वाटत होती, तेच पहिलं औषध झालं. रक्तस्राव दिसत असला तरी.

पण दरम्यान या कथेत एक नवीन पात्र आलं होतं. गोळी.

१९५६ मध्ये पोर्तो रिकोत गर्भनिरोधक गोळीच्या मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. तिथल्या चाचणीची जबाबदारी डॉ. एड्रिस राइस-रे या बाईंकडे होती. १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होतायत असं त्यांनी कळवलं. चाचणीचे सूत्रधार ग्रेगरी पिंकस यांना त्यातले बरेच त्रास मनाचे खेळ वाटले. १९६० मध्ये अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली. त्या पहिल्या गोळीच्या १० मिलिग्रॅमच्या रूपात इस्ट्रोजेन होतं १५० मायक्रोग्रॅम. आपल्या माला-डी आणि माला-एन गोळ्यांत ते ३० आहे. पाचपट डोस होता तो!

१९६१ मध्ये इंग्लंडच्या सफोकमधल्या जॉर्डन नावाच्या साध्या फॅमिली डॉक्टरने लॅन्सेटला पत्र लिहिलं. त्यांची एक रुग्ण, ४० वर्षांची नर्स, या गोळ्या घेत होती आणि तिच्या फुप्फुसात गुठळ्या झाल्या. एक पत्र, एक रुग्ण. पण त्यातून धागा सुटला. १९६८ मध्ये इनमन आणि व्हेसी यांनी ब्रिटनमधले मृत्यू तपासून दाखवलं की गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये गुठळीने मरण्याचा धोका न घेणाऱ्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त आहे. पुढच्याच वर्षी ब्रिटनने ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळायला सांगितलं.

अमेरिकेत जानेवारी १९७० मध्ये सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या समितीपुढे गोळीच्या सुरक्षिततेवर सुनावणी झाली. साक्षीला तज्ज्ञ होते, पण गोळी घेणारी एकही बाई बोलावलेली नव्हती. तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या अॅलिस वुल्फसन आणि त्यांच्या मैत्रिणी उभ्या राहून प्रश्न विचारायला लागल्या. आमच्यावरच प्रयोग चाललाय आणि आम्हालाच का विचारत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. टीव्हीवर देशाने ते पाहिलं. गोळीच्या पाकिटात धोके सांगणारा छापील कागद येऊ लागला, त्यामागे या बायकांचा आरडाओरडा आहे. पुढच्या वेळी औषधाच्या डब्यातला तो घडीचा कागद न वाचता फेकताना हे आठवा.

२००४ मध्ये २१ देशांतल्या ६२४ सीव्हीटी रुग्णांचा मोठा अभ्यास आला. चारातले तीन रुग्ण बायका होत्या. जवळपास नव्वद टक्के रुग्णांना डोकेदुखी होती आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास लोकांना फिट आली होती. दिलासा देणारा आकडाही त्यातच आहे: ७९ टक्के लोक पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झाले. शवागारातल्या आजारापासून आपण इथवर आलो.

पण भारताचं चित्र जरा वेगळं आहे. हैदराबादच्या निम्समधल्या ४२८ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये छापला गेला. त्यात पुरुष निम्म्याहून थोडे जास्तच होते आणि बाळंतिणी दहा टक्क्यांच्या आसपास. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, तसा इथल्या आजाराचाही चेहरा बदलत गेला.

आता आपल्या घरातली गोष्ट. माझ्या मैत्रिणींच्या ग्रुपवर गणपती जवळ आले की एक प्रश्न हमखास येतो: पाळी पुढे ढकलायची गोळी कुठली? सत्यनारायण, लग्न, मंगळागौर, कारणं बदलतात. ही गोळी बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉनची असते. कागदोपत्री डॉक्टरची चिठ्ठी लागते. प्रत्यक्षात अनेकदा नवरा किंवा भाऊ जाऊन दुकानातून घेऊन येतो. यात इस्ट्रोजेन नाही असं पाकीट म्हणतं, आणि ते खरंही आहे. पण शरीरात गेल्यावर त्याचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतलं तर तो परिणाम २० ते ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनच्या गोळीइतका होऊ शकतो. पाळी पुढे ढकलायला साधारण १५ मिलिग्रॅमच घेतात. त्यात निर्जळी उपास जोडा.

घाबरवायचं नाहीये मला. बहुतेक जणींना काहीही होत नाही. पण आधी कधी गुठळी झालीय का, घरात कुणाला झालीय का, ऑरा असलेलं मायग्रेन आहे का, नुकतंच बाळंतपण झालंय का, हे विचारायला डॉक्टर लागतो. काउंटरवरचा माणूस ते विचारत नाही. आणि पूजेसाठी पाळी ढकलायचीच का, हा प्रश्न तर वेगळ्या भागाचा आहे.

आता परत २०२१ कडे. मार्चमध्ये युरोपात अॅस्ट्राझेनेकाच्या लशीनंतर असेच काही रुग्ण दिसले होते. विचित्र गोष्ट ही होती की गुठळ्या होत होत्या, पण रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होत होत्या. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या आंद्रेआस ग्राइनाखर यांच्या टीमने उलगडा केला. शरीर प्लेटलेट्समधल्या एका प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनवत होतं. असाच गोंधळ काही वेळा हेपॅरिनमुळे होतो, हे आधीपासून माहीत होतं.

म्हणजे बघा! पन्नास वर्षं भांडून ज्या औषधाला सीव्हीटीचा पहिला इलाज ठरवलं, ते या रुग्णांना देऊ नका असं सांगायची वेळ आली. सहा रुग्णांसाठी लस थांबवण्यामागचं मोठं कारण हेच होतं. डॉक्टरांना सावध केलं नसतं तर त्यांनी सवयीने हेपॅरिनच टोचलं असतं. दहा दिवसांनी, इशारा जोडून, लस पुन्हा सुरू झाली. अॅस्ट्राझेनेकाची लस पुण्याच्या सीरममध्ये कोविशील्ड म्हणून बनत होती. मे २०२१ मध्ये आपल्या सरकारी समितीने सांगितलं की कोविशील्डनंतर गुठळीची शक्यता असलेले २६ रुग्ण आढळले, म्हणजे दहा लाख डोसमागे ०.६१. खूपच कमी.

त्याच दिवसांत अनेक बायकांनी सोशल मीडियावर विचारलं: सहा गुठळ्यांसाठी लस थांबली, मग गोळीमुळे होणाऱ्या गुठळ्यांबद्दल आम्हाला कुणी एवढं सांगितलं का? तुलना तंतोतंत नाही, आजार वेगळ्या जातीचा होता. पण प्रश्न खोटा नव्हता. १९७० च्या त्या सुनावणीतला प्रश्नच पुन्हा उभा राहिला होता.

मग यातून घ्यायचं काय? गोळी वाईट, असा निष्कर्ष काढू नका. बिनसल्ल्याने ती बंदही करू नका. गरोदरपण आणि बाळंतपणात गुठळीचा धोका गोळीपेक्षा जास्त असतो, हे विसरलात तर हिशोबच चुकतो. आजार दुर्मीळच आहे. नेदरलँड्समध्ये ३१ ते ५० वयाच्या बायकांत वर्षाला लाखामागे तीनहून कमी सापडतात.

पण डोकेदुखी नेहमीपेक्षा वेगळी असेल, दिवसेंदिवस वाढत असेल, आडवं झाल्यावर, खोकल्यावर, वाकल्यावर जास्त होत असेल, सोबत उलट्या, धूसर दिसणं, एका बाजूला अशक्तपणा किंवा फिट असेल, तर गोळीवर गोळी खात बसू नका. दवाखाना गाठा. आणि तिथे न विचारताही सांगा: मी अमुक गोळी घेते, माझं बाळंतपण महिन्यापूर्वी झालंय. शिरांचा स्कॅन करायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण ते डोक्यात यायला ही माहिती लागते. साध्या सीटी स्कॅनमध्ये ही गुठळी निसटू शकते.

१८२८ च्या त्या २४ वर्षांच्या बाईचं नाव आपल्याला माहीत नाही. तिला वाचवणं तेव्हा कुणाच्याच हातात नव्हतं. आज स्कॅन आहे, औषध आहे, बहुतेक जणी बऱ्या होऊन घरी जातात. पण ही सगळी यंत्रणा सुरू होते ती एका वाक्यापासून, ‘माझं डोकं नेहमीसारखं दुखत नाहीये.’ ते वाक्य तुमच्या बहिणीने, बायकोने, मैत्रिणीने म्हटलं तर बाम देण्याआधी दोन प्रश्न विचारा.

घरात कुणी बाळंतीण असेल तर हा भाग तिच्यापेक्षा तिच्या आईला आणि सासूबाईंना आधी पाठवा. आणि हो, पाण्याचा तांब्या भरून ठेवा. भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!